‘चार्जर जुनाच चालेल’ असं दुकानदार म्हणतोय, घेऊ का बॅटरी?

प्रश्न : धायरीतल्या एका वाचकाचं पत्र आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात नोकरी, जाऊन-येऊन रोज २४ किलोमीटर. तीन वर्षांपूर्वी घेतलेली, ताशी २५च्या आतली, पासिंग न लागणारी इलेक्ट्रिक स्कूटर. तिच्या १२ व्होल्टच्या चारही लेड बॅटऱ्या आता थकल्यात. परतीला राजाराम पुलापासून गाडी रांगते. एक जण ‘४८ व्होल्ट ३० एएच लिथियम’ (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) ९,५०० रुपयांत बसवून देतो म्हणतो. चार्जर जुनाच चालेल, बिल नाही, वॉरंटी तोंडी एक वर्ष. दुसऱ्या दुकानात ५१.२ व्होल्ट २४ एएचचा पॅक चार्जर आणि बिलासह १७,५०० सांगितला. लेडचाच नवा सेट जुना देऊन १२ हजारांत पडतोय. मेव्हणे म्हणतात ९,५००वाला उचला, कशाला जास्त घालवता. बायको म्हणते लिथियम पेटतं, नकोच. राहणं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लिथियम हलकं असल्याने वर नेऊन रात्रभर दाराजवळच्या प्लगला लावता येईल, हा फायदाच आहे असं वाचकाला वाटतं. काय करावं?

उत्तर :

नमस्कार.

तुमच्या पत्रात किमतीवर दीड पान आहे आणि चार्जरवर एक ओळ. उत्तर त्या एका ओळीपासून सुरू करू, कारण निम्मा धोका तिच्यातच आहे.

जुना चार्जर उलटा करून मागचं लेबल वाचा. आउटपुटपुढे ५८.८ किंवा ५९ व्होल्टच्या आसपास आकडा सापडेल. १२ व्होल्टची लेड बॅटरी पूर्ण भरायला साधारण १४.७ व्होल्ट लागतात, चारांचे झाले ५८.८. आता गंमत अशी की ‘४८ व्होल्ट लिथियम’ या एकाच नावाखाली बाजारात तीन वेगळे पॅक मिळतात. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलचे तेरा गट एकापुढे एक जोडलेला पॅक ५४.६ व्होल्टला फुल होतो. एलएफपीचे, म्हणजे फॉस्फेटवाले, पंधरा गट असतील तर ५४.७५ला. आणि एलएफपीचेच सोळा गट असतील तर ५८.४ला. या तिसऱ्या पॅकवर बहुधा ५१.२ व्होल्ट लिहिलेलं असतं.

‘जुनाच चालेल’ ही म्हण या तिसऱ्या पॅकवरून निघाली आहे. ५८.४ आणि ५८.८ जवळजवळ सारखेच, गाडी चार्ज होते, कोणी तक्रार करत नाही. पण तोच चार्जर तेरा गटांच्या एनएमसीला लावला की ५८.८ भागिले १३, म्हणजे प्रत्येक सेलवर ४.५२ व्होल्ट चढायला बघतात. एनएमसी सेलची हद्द ४.२ची. मधे बीएमएस, म्हणजे पॅकवर पहारा ठेवणारं सर्किट असतं, ते तोडतं, हे खरं. पण बीएमएस घाटातल्या कठड्यासारखा असतो. गाडी रोज त्याला घासत न्यायची नसते. स्वस्त बीएमएसमधला स्विच जळतो तेव्हा पुष्कळदा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. शिवाय लेडचा चार्जर हिरवा दिवा लागल्यावरही ५५ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो. लेडला ते हवंच असतं. लिथियमला भरलं की करंट बंदच व्हायला हवा.

तेव्हा त्या दुकानदाराला किंमत कमी करायला सांगण्याआधी विचारा, ‘एनएमसी की एलएफपी? सिरीज किती? फुल किती व्होल्टला?’ ही तीन उत्तरं तोंडावर न देऊ शकणाऱ्याने पॅक स्वतः बांधलेला नाही, किंवा बांधला असेल तर आणखी वाईट.

आता एक पाऊल मागे. चारही बॅटऱ्या गेल्या आहेत हे तुम्ही गृहीत धरलंय. तसं असेलही, तीन वर्षं लेडला भरपूर झाली. पण बुधवार पेठेत तपकीर गल्लीत तीन-चारशे रुपयांत साधा मल्टिमीटर मिळतो, तो आणाच, पुढेही लागणार आहे. गाडी फुल चार्ज करून तीन-चार तास तशीच ठेवा आणि प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. १२.७च्या पुढे असेल तर ठीक. तीन ठीक आणि एकच १२च्या खाली, असं निघालं तर एकीने बाकीच्या तिघींना ओढून खाली नेलंय. तरी एकच बदलण्याचा मोह टाळा; नवी बॅटरी जुन्या तिघींच्या संगतीत लवकरच त्यांच्यासारखी होते. चार्जरही मोजा. बॅटऱ्या लावलेल्या असताना, हिरवा दिवा लागण्याच्या थोडं आधीही तो ५४-५५च दाखवत असेल तर (बॅटरी न लावता मोजू नका, तेव्हा चांगला चार्जरही ५५च दाखवू शकतो) बॅटऱ्या कायम अर्धपोटी राहिल्या आणि म्हणून गेल्या, हेही शक्य आहे. मग लेडचा नवा सेट घेतलात तरी तोच चार्जर त्याचंही तेच करेल.

दुसरं गृहीतक ३० एएचचं. तुम्हाला ३० हवेत हे कोणी ठरवलं? अशी गाडी, एक माणूस, सिंहगड रस्त्याची गर्दी आणि उड्डाणपुलाची चढण धरून किलोमीटरला २५ वॅट-अवर पकडा. २४ किलोमीटरना झाले ६००. व्होल्ट गुणिले एएच म्हणजे वॅट-अवर, त्यामुळे ५१.२ व्होल्टचा २४ एएच पॅक सुमारे १,२३० वॅट-अवर देतो. तुमची रोजची गरज त्याच्या निम्मी आहे. पॅक जुना होऊन क्षमता सत्तर टक्क्यांवर आली तरी तुम्ही घरी पोचता.

भावही एएचवर नको, वॅट-अवरवर काढा. १७,५०० भागिले १,२३०, म्हणजे १४ रुपयांच्या थोडं वर. दुसरीकडे ९,५०० भागिले १,४४०, साडेसहा रुपये. दुपटीहून जास्त फरक केवळ दुकानाच्या भाड्यामुळे पडत नाही. एक तर सेल वापरलेले आहेत, किंवा आत ३० एएच नाहीतच. समजा खरे १८ एएच निघाले, तर वॅट-अवरला ११ रुपये पडले. त्यात योग्य चार्जरची किंमत मिळवा, बिल नाही हेही धरा, आणि मेव्हण्यांना विचारा की स्वस्त नक्की काय आहे.

आत किती माल आहे हे खोकं न उघडता बऱ्यापैकी कळतं. पहिली परीक्षा वजनाची. सामान मोजायचा लटकवायचा डिजिटल काटा घेऊन जा. ४८ व्होल्ट ३० एएच एनएमसी पॅक २,६०० एमएएचच्या, १८६५० मापाच्या गोल सेलचा असेल तर तेराच्या रांगेत बारा-बारा, एकूण १५६ सेल. एक सेल साधारण ४६ ग्रॅमचा, म्हणजे सव्वासात किलो नुसते सेल. खोकं, पट्ट्या, वायरी धरून नऊच्या आसपास. एलएफपीमध्ये ६ एएचचे, ३२७०० मापाचे जाड सेल असतील तर सोळा गुणिले पाच, ८० सेल, एकेक १४० ग्रॅमच्या पुढचा. पॅक तेरा किलोच्या घरात. कोणी ‘एलएफपी ३० एएच’ म्हणून आठ किलोचं खोकं हातात ठेवलं तर पुढे बोलायचं कारण नाही. उलटं मात्र खरं नाही. वजन भरलं म्हणजे माल भरला असं नव्हे, लोखंडालाही वजन असतंच.

पॅक इथेच बांधला जात असेल तर झाकण बसवण्याआधीचा फोटो मागा. स्वतः नंतर कधीच उघडू नका. पन्नास व्होल्टवर पाना घसरला तर पाना वितळतो. फोटोत सगळे सेल एकाच छपाईचे, एकाच बॅचचे दिसायला हवेत. नुसत्या निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले, काही छापलेलं नसलेले सेल असतील तर नको. सेलच्या टोकाशी निकेल पट्टीवर वेल्डचे दोन-दोन नीट ठिपके हवेत. पट्टीच्या बाहेर जुन्या ठिपक्यांचे व्रण किंवा घासून चकचकीत केलेलं टोक दिसलं, तर हे सेल याआधी दुसऱ्या कुठल्या पॅकमध्ये नांदून आलेत. सेल प्लास्टिकच्या होल्डरमध्ये बसवलेले हवेत, गोंद आणि चिकटपट्टीवर नव्हे. प्रत्येक गटाकडून येणाऱ्या बारीक वायरी सेलच्या अंगावरून दाबून नेलेल्या नसाव्यात. खड्ड्यांनी त्यांचं आवरण झिजतं आणि शॉर्ट तिथूनच सुरू होतो. पुण्यात खड्डे किती, ते तुम्हाला मी सांगायला नको.

बीएमएस किती अँपिअरचा आहे तेही विचारा. तुमच्या गाडीच्या कंट्रोलरच्या (मोटरला करंट पुरवणाऱ्या डब्याच्या) स्टिकरवर करंटची मर्यादा लिहिलेली असते, समजा १८ किंवा २० अँपिअर. बीएमएस सतत ३० अँपिअर झेपवणारा असावा. काठोकाठचा असला की चढावर गाडी मधेच मरते, आणि लोक कंट्रोलर बदलत बसतात.

पॅक घरी आला की पहिल्या आठवड्यात पॅकच्या तीन परीक्षा घ्या, वॉरंटी तोंडी असो वा लेखी.

योग्य चार्जरने फुल करा, काढा, चार तासांनी मोजा. एनएमसी ५४.६वरून थोडंच खाली येऊन ५४च्या वर थांबतो. सोळाचा एलएफपी ५८.४वरून ५४च्या आसपास घसरतो. तो त्याचा स्वभाव आहे, घाबरू नका. उलट यावरून एक कळतं. एलएफपी म्हणून विकलेला पॅक जिथे फुल झाला तिथेच जवळपास थांबून राहिला, तर आत दुसरंच काही आहे. मग दोन दिवस गाडी न वापरता तसाच ठेवा. पहिल्या दिवशीच्या या घसरणीनंतर आकडा जवळपास जागेवर राहायला हवा. रोज पाव-अर्धा व्होल्ट उतरत असेल तर कुठला तरी गट आतल्या आत गळतोय.

मग क्षमता. घराजवळच्या गल्लीत फेऱ्या मारत गाडी स्वतः बंद पडेपर्यंत चालवा (हे एकदाच, सवय म्हणून नाही). अर्धा तास थंड होऊ द्या आणि सबमीटर मधे लावून चार्जिंगला ठेवा. चार्जरमध्ये बारा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते. म्हणून खऱ्या ४८ व्होल्ट ३० एएच पॅकला १.६५ युनिटच्या आसपास वीज लागायला हवी, आणि ५१.२ व्होल्टच्या २४ एएच पॅकला १.४. सबमीटर १.०वरच थांबला आणि दिवा हिरवा झाला, तर ‘३० एएच’ पॅकमध्ये १८च आहेत. घड्याळही हेच सांगतं. ६ अँपिअरचा चार्जर ३० एएच भरायला पाच तास घेतो; तो तीन तासांत हिरवा झाला तर ‘वा, लवकर भरते’ म्हणून खूश होऊ नका. दिवा तासाभरातच हिरवा झाला आणि गाडीही तेवढीच कमी धावली, तर एक गट बाकीच्यांच्या आधी भरतोय, म्हणजे पॅक असमतोल आहे. ब्लूटूथवाला बीएमएस असेल तर मोबाईलवर प्रत्येक गटाचा व्होल्ट दिसतो. गाडी उभी असताना त्यांत वीस-तीस मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. मात्र एलएफपी अगदी फुल होताना शेवटच्या काही मिनिटांत तो वाढतो, ते चालतं.

तिसरी परीक्षा चढावरची. हँडलजवळ छोटा डिजिटल व्होल्टमीटर बसवून घ्या. अर्ध्या चार्जवर, उड्डाणपूल चढताना पूर्ण पिळून किती उतरतो ते बघा. दोन-अडीच व्होल्ट उतरून माथ्यावर पुन्हा वर आला तर तब्येत चांगली. पाच-सहा उतरत असेल तर सेल थकलेले आहेत, मग स्टिकरवर काही का लिहिलेलं असेना. हा मीटर आणखी एका कारणासाठी हवा. तुमच्या गाडीच्या डिस्प्लेवरचे बॅटरीचे दांडे लेडच्या हिशेबाने आखलेले आहेत. एलएफपीवर ते बराच वेळ फुल दाखवतील आणि शेवटी एकदम कोसळतील.

आता चार्जरकडे परत. नवा घ्याल तेव्हा लेबलवर दोन आकडे बघा. व्होल्ट पॅकच्या फुल आकड्याशी तंतोतंत जुळले पाहिजेत, ‘४८ व्होल्ट’ एवढंच लिहिलेलं असेल तर घेऊ नका. अँपिअर पॅकच्या एएचच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतके पुरेत. २४ एएचला ५ किंवा ६. मल्टिमीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवून टोकांवर मोजा. ५४.६च्या चार्जरने ५५.५ दाखवले तर तो परत. चालू असताना कोमट लागावा. हात ठेववत नसेल तर वापरू नका. पत्र्याच्या खोक्याला टेस्टर लावल्यावर दिवा लागत असेल, तर आधी प्लगचं अर्थिंग बघा आणि तोवर तो वापरू नका.

आणि पिन. स्वस्त गाड्यांत चार्जिंगसाठी कॉम्प्युटरच्या वायरसारखी तीन टोकांची पिन सर्रास वापरतात. तिच्यात प्लस कुठे आणि मायनस कुठे याचा ठरलेला नियम नाही, एका कंपनीचं एक, दुसरीचं उलट. नवा चार्जर लावण्याआधी पॅकच्या आणि चार्जरच्या पिनांवर मल्टिमीटरने प्लस-मायनस जुळवून घ्याच. त्याहून भयंकर म्हणजे घरातल्या कॉम्प्युटरची वायरही त्या भोकात बसते, आणि तिच्यात २३० व्होल्ट एसी असतात. घरात मुलं असतील तर बसवणाऱ्याकडून ही पिनच बदलून घ्या. काम छोटं आहे.

बायकोची भीती अनाठायी नाही, फक्त तिने बोट ठेवलंय ते थोडं बाजूला. एलएफपी एनएमसीपेक्षा जास्त उष्णता सोसतं, पण कुठलंही लिथियम चुकीच्या चार्जरवर, पाणी शिरल्यावर किंवा आपटल्यावर बिघडू शकतं. घाबरायचं ते रात्रभर आणि दाराजवळ या दोन शब्दांना. पेटलेली बॅटरी विषारी धूर सोडते, आणि ती दाराजवळ असेल तर घराबाहेर पडायची वाटच अडते. तिसऱ्या मजल्यावर दुसरी वाट नाही. बरं, रात्रभराची गरज तरी कुठे आहे? रोज ६०० वॅट-अवर, म्हणजे बारा एएच. ६ अँपिअरच्या चार्जरला दोन-सव्वादोन तास. आल्यावर अर्धा तास थंड होऊ दिलीत तरी जेवणं आटोपायच्या आत झालं. जमत असेल तर सोसायटीला अर्ज करून पार्किंगमध्येच तुमच्या नावाचा पॉइंट, एमसीबी आणि सबमीटर बसवून घ्या. दहा-अकरा किलो रोज तीन मजले चढवणं पहिल्या महिन्यातच नकोसं होतं. वरच आणायची तर बाल्कनीत, फरशीवर, पडदे-गाद्यांपासून लांब आणि तुम्ही जागे असताना. शिट्टीसारखा आवाज, विचित्र वास किंवा खोकं फुगलेलं दिसलं तर सगळ्यांनी बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं आणि १०१.

पावसाळ्याचं एक. नदीकाठच्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं हे सिंहगड रस्त्यावर नवं नाही. जुलै २०२४मध्ये एकतानगरीने ते पाहिलं. पॅक पाण्यात बुडाला असेल तर वाळवून चार्ज करू नका. वरून कोरडा दिसतो, आत बीएमएसवर गंज सुरू झालेला असतो.

पॅकवर ‘एआयएस १५६’ छापलेलं दिसेल. हे बॅटरी-सुरक्षेचे कडक नियम डिसेंबर २०२२पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले, आणि पुणेकर ज्या टेकडीवर पहाटे फिरायला जातात तिथल्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत अशा चाचण्या होतात. पण ती मान्यता ठरावीक मॉडेलला मिळते. गल्लीत जुळवलेल्या खोक्यावर स्टिकर चिकटवला म्हणून ती मिळत नाही. म्हणून मॉडेल आणि सिरियल नंबर पॅकवर कोरलेला किंवा पक्का छापलेला असावा आणि तोच बिलावर असावा. बिल असलं की काही बिनसल्यावर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून सांगण्यासारखं तुमच्या हातात काही असतं. तोंडी वॉरंटीचं काय करणार?

आता तुमचं. पैसे जमत असतील तर १७,५००चा, फक्त तो सोळा गटांचा एलएफपी आहे, चार्जर ५८.४चा आहे आणि वजन दहा-अकरा किलो भरतं हे बघून. आत्ता जमत नसेल तर लेडचा नवा सेट घ्यायला लाजू नका. जड आहे, वरच्या मजल्यावर नेता येणार नाही, दोन-अडीच वर्षांत पुन्हा खर्च आहे. पण तुमच्या २४ किलोमीटरना पुरतो आणि त्याचा चार्जर, मोजून ठीक निघाला तर, तुमच्याकडे आहेच. ९,५००वाला मी घेणार नाही. तोच दुकानदार योग्य चार्जर, सिरियल नंबरचं बिल आणि सबमीटरवर क्षमता दाखवायला तयार झाला तर पुन्हा बोला. बहुतेक तो तयार होणार नाही.

लिथियम घेतलंत तर जुन्या बॅटऱ्या बदल्यात देताना जुना चार्जरही त्याच दुकानात देऊन टाका. असू दे म्हणून माळ्यावर ठेवला, तर पुढे कधीतरी नवा बिघडेल, घरातलं कोणीतरी तो शोधून काढेल, आणि त्याची पिन बसेलसुद्धा.